जिमचा हप्ता आणि पाच वर्षांची नोंद: अमेरिकेतल्या एका विसरलेल्या खात्याचं प्रकरण

माझा भाचा ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेत आला. पहिल्यांदा आला तो २०१९ मध्ये, एम.एस. करायला. तेव्हा न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरला चौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहिला. या वेळी एच-वन-बीवर, नोकरीसाठी. उतरला एडिसनला, आमच्याकडे. सोमवारी कामावर रुजू व्हायचं होतं, म्हणून शनिवारी सकाळी चेकिंग खातं, म्हणजे रोजच्या व्यवहाराचं खातं, उघडायला जवळच्या बँकेत गेला. पासपोर्ट, आय-९४ ही देशात प्रवेश केल्याची नोंद, सोशल सिक्युरिटी कार्ड, ऑफर लेटर, सगळं एका फाइलमध्ये लावून. पाऊण तासात परत आला आणि बूट न काढताच दारात उभा राहिला. "मावशी, नाही म्हणाले. का नाही, ते त्यांनाही दिसत नाही म्हणे."

हे प्रकरण मी त्याच्या परवानगीने, आकड्यांसकट लिहिते आहे. मी इथे एका छोट्या कंपनीत पेरोल बघते, म्हणजे लोकांचे पगार त्यांच्या खात्यात वेळेवर पोचवणं हेच माझं रोजचं काम. ज्याला खातं नाही त्याची किती परवड होते ते मला जवळून माहीत आहे. आणि आपल्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, जणू पोरानं काही काळंबेरं केलंय. त्या दबक्या आवाजामुळेच साधी माहितीसुद्धा एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही.

त्या रात्री भाच्यानं जे केलं ते बहुतेक जण करतात. जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसला आणि आणखी तीन बँकांत ऑनलाइन अर्ज टाकले. दोन ठिकाणी लगेच नकार, तिसऱ्या ठिकाणी "आम्ही कळवू". सकाळी मला सांगितलं तेव्हा मी त्याला थांबवलं. अशा प्रत्येक अर्जाची चौकशी त्याच्या नावापुढे नोंदली जाते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. एकाच दिवसात चार अर्ज पाहिले की समोरचा आणखी सावध होतो. कारण कळेपर्यंत पाचवा अर्ज करायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

भाच्याला सगळ्यात जास्त कोडं पडलं होतं ते वेगळंच. त्याचा क्रेडिट स्कोअर उत्तम होता, ७४० च्या घरात. भारतात परतताना क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल त्यानं फेडलं होतं. मग बँक नाही का म्हणते? कारण खातं उघडताना अमेरिकेतल्या बऱ्याचशा बँका इक्विफॅक्स, एक्सपीरियन, ट्रान्सयुनियन या कर्जाच्या वह्या बघतच नाहीत. त्या बघतात एक वेगळी वही. तिचं नाव चेक्ससिस्टम्स. कोणाचं खातं उणे शिलकीत जाऊन बँकेला बंद करावं लागलं, कोणाचे चेक परत गेले, कोणावर फसवणुकीचा संशय आहे, हे बँका तिथे कळवतात आणि नवीन माणूस आला की तिथेच विचारतात. दुसरी अशीच वही अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेसची. झेल ही फोनवरून थेट एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवण्याची सोय चालवणारी कंपनी ती हीच, आणि ती सात मोठ्या बँकांच्या मालकीची आहे. आपल्याकडे सिबिल सगळ्यांना ठाऊक असतं, पण साधं बचत खातं उघडायला कोणी सिबिल बघत नाही. इथे खातं उघडण्यासाठीच स्वतंत्र चौकशी असते, ही कल्पनाच आपल्या मुलांना नसते.

पाचव्या दिवशी पहिल्या बँकेचं पत्र आलं. दिसायला अगदी जाहिरातीच्या टपालासारखं, पातळ लिफाफा, आत एकच पान. भाचा ते बाजूला टाकणार होता. पण अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद तोच. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे, कोणत्याही अशा अहवालावरून नकार दिला तर तो अहवाल कोणाकडून घेतला, त्या कंपनीचं नाव, पत्ता आणि फोन नंबर कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या कंपनीकडून आपला अहवाल फुकट मागता येतो. नकार मिळाला नसला तरी वर्षातून एकदा तो फुकट मिळतोच. शाखेतल्या मुलीला कारण दिसत नव्हतं हे खरंच होतं. तिच्या पडद्यावर फक्त "नाही" येतं. कारण त्या पानावर होतं: चेक्ससिस्टम्स.

अहवाल मागवताना पहिली अडचण आली ती पत्त्याची. त्यांच्याकडे जर्नल स्क्वेअरचा जुना पत्ता, हा राहतो एडिसनला. ऑनलाइन ओळख जुळेना. मग सोशल सिक्युरिटी कार्डाची आणि पासपोर्टची प्रत, नव्या पत्त्याचा पुरावा म्हणून कंपनीचं पत्र, असं सगळं टपालाने पाठवलं. आठवड्याहून जास्त वेळ गेला. पाठोपाठ अर्ली वॉर्निंगचा अहवालही मागवला, कारण एका वहीत असतं ते दुसऱ्यात असेलच असं नाही. तो कोरा निघाला.

चेक्ससिस्टम्सच्या अहवालात मात्र एक नोंद होती. त्याच्या विद्यार्थीदशेतल्या बँकेचं नाव, नोंदीचा महिना मे २०२२, कारणाच्या रकान्यात "खात्याचा गैरवापर", आणि रक्कम १३० डॉलर ९७ सेंट. स्थिती: येणे बाकी.

"गैरवापर" हा शब्द वाचून पोरगा पांढराफटक पडला. "मावशी, मी काय गैरवापर केला? मी तर इथे नव्हतोच." खरं होतं ते. जानेवारी २०२२ मध्ये दाजींची बायपास ठरली आणि तो आठ दिवसांत सगळं गुंडाळून सांगलीला गेला. खात्यात ५० डॉलर ठेवले, की परत आलो तर उपयोगी पडतील. जिमचं सदस्यत्व रद्द करायचं राहिलं.

बँकेला लेखी विनंती करून आम्ही जानेवारी ते मे २०२२ ची स्टेटमेंट मागवली. बंद झालेल्या खात्यात ऑनलाइन शिरता येत नाही, पण बँकेकडे जुनी स्टेटमेंट असतात आणि मागितली की मिळतात. ती आली त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ती ओळीओळीने वाचून दाखवली. ५ फेब्रुवारीला जिमचा हप्ता २४.९९, शिल्लक २५.०१. फेब्रुवारीअखेर खात्याची मासिक फी १२ डॉलर. शिकत होता तोवर ती माफ होती. पदवीनंतर मुदत संपली आणि विद्यार्थी खातं आपोआप साधं खातं झालं. शिल्लक १३.०१. ५ मार्चला पुन्हा जिम, आणि खातं ११.९८ ने उणे. बँकेनं तो हप्ता स्वतःच्या पदरचा भरला आणि त्याबद्दल ओव्हरड्राफ्टची फी लावली ३५ डॉलर. मार्चअखेर पुन्हा १२. ५ एप्रिलला जिम, पुन्हा ३५. एप्रिलअखेर पुन्हा १२. मेच्या सुरुवातीला बँकेनं खातं बंद करून ती रक्कम बुडीत धरली, ज्याला इथे चार्ज-ऑफ म्हणतात. ओव्हरड्राफ्टची बाकी ६० दिवसांच्या पुढे तशीच ठेवू नये अशी बँकांच्या नियामकांची २००५ पासूनची सूचना आहे. ५ मार्चपासून मोजले तर ६० दिवस अगदी बरोबर तिथेच भरतात.

मी पेन्सिलीने दोन बेरजा केल्या. बँकेनं जिमला त्याच्या वतीने खरोखर दिलेले पैसे ३६ डॉलर ९७ सेंट. बाकीचे ९४ डॉलर निव्वळ फी. आणि एवढ्यावर पाच वर्षांची नोंद.

"पण मी ओव्हरड्राफ्ट नको म्हणून लिहून दिलं होतं," भाचा म्हणाला. दिलंच होतं, आणि त्याच्या आठवणीत चूक नव्हती. २०१० पासून नियम आहे की एटीएममधून काढलेले पैसे आणि डेबिट कार्डाने केलेली एकेक खरेदी, यांवर ओव्हरड्राफ्टची फी लावायची तर ग्राहकाची आधी संमती हवी. पण ते संरक्षण एवढ्यापुरतंच. चेकला ते लागू नाही, आणि खाते क्रमांक देऊन दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यालाही नाही. जिमनं सदस्यत्व देताना कार्डाऐवजी खाते क्रमांक आणि राउटिंग नंबर, म्हणजे बँकेचा ओळख क्रमांक, घेतला होता. सही करताना या दोहोंतला फरक कोण सांगतो? मला स्वतःला वाटतं की नियमाची ही फट दुरुस्त व्हायला हवी होती. "ओव्हरड्राफ्ट नको" या खुणेचा अर्थ साधा माणूस जो लावतो तोच कायद्यानेही लावायला हवा.

मग बँकेनं कळवलं कसं नाही? कळवलं होतं. पत्रं जर्नल स्क्वेअरच्या फ्लॅटवर गेली, तिथे तेव्हा दुसरीच मुलं राहत होती. ईमेल विद्यापीठाच्या पत्त्यावर गेले, तो पदवीनंतर बंद झाला होता. एसएमएस ज्या अमेरिकन नंबरवर गेले तो त्यानं निघताना सोडून दिला होता. तिन्ही वाटा बंद, आणि सांगलीत तो वडिलांच्या उशाशी.

यात आपल्या सवयीचाही भाग आहे. आपल्याकडे बचत खातं सोडून दिलं की ते झोपतं. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की बँक त्याला निष्क्रिय म्हणते, कधीतरी जाऊन केवायसी दिली की पुन्हा जागं होतं. किमान शिल्लक नसल्याच्या दंडापायी बचत खातं उणे जाता कामा नये, अशी रिझर्व्ह बँकेची २०१४ ची स्पष्ट सूचना आहे. म्हणजे सोडलेल्या खात्यात फार तर शून्य उरेल, हे आपण गृहीत धरून चालतो. अमेरिकेतलं चेकिंग खातं शून्यावर थांबत नाही. ते शून्याच्या खाली जातं आणि तिथून देणं म्हणून मागे लागतं. परत निघालेल्या मुलानं ५० डॉलर ठेवून खातं चालू ठेवण्यापेक्षा ते ५० डॉलर काढून खातं बंद करून घ्यावं आणि बंद केल्याचा कागद मागावा. भाच्याला हे २०२२ मध्ये कोणी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. सांगायला मी होते, आणि त्या गडबडीत मलाही ते सुचलं नाही.

ताईला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "व्हिसाला काही होणार नाही ना?" नाही. ही पैशाच्या देण्याची नोंद आहे, गुन्ह्याची नव्हे. हे तिला तीनदा सांगावं लागलं, आणि मी तीनदा सांगितलं.

आता पगाराचा प्रश्न. रुजू होऊन दोन आठवडे झाले, त्याच्या कंपनीनं पहिला पगार कागदी चेकनं दिला. खातं नसलेल्याला तो वटवायला चेक वटवण्याच्या दुकानात टक्केवारी द्यावी लागते किंवा चेक ज्या बँकेचा आहे तिच्या शाखेत जाऊन फी भरावी लागते. दर पंधरा दिवसांनी हे करणं म्हणजे आपल्याच पगाराचा कर भरण्यासारखं. अमेरिकेत अशी खातं नसलेली कुटुंबं थोडीथोडकी नाहीत. बँकांतल्या ठेवींचा विमा उतरवणाऱ्या एफडीआयसी या सरकारी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ती ४.२ टक्के, म्हणजे सुमारे ५६ लाख होती.

जुनी नोंद सुटेपर्यंत वाट बघायची गरज नसते, ही या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. "बँक ऑन" नावाचा एक कार्यक्रम आहे. सिटीज फॉर फायनान्शियल एम्पॉवरमेंट फंड ही संस्था २०१५ पासून खात्यांसाठी राष्ट्रीय निकष ठरवते आणि त्यात बसणाऱ्या खात्यांना प्रमाणपत्र देते: ओव्हरड्राफ्टची फी नाही, उघडायला २५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम लागत नाही, मासिक फी पाच डॉलर किंवा त्याहून कमी, आणि ती माफ करून घ्यायची सोय असेल तर फार तर दहा. चेसचं सिक्युअर बँकिंग, बँक ऑफ अमेरिकाचं सेफबॅलन्स, वेल्स फार्गोचं क्लिअर ॲक्सेस ही त्यातली माहितीतली नावं. या खात्यांत शिलकीच्या खाली सहसा जाता येत नाही, म्हणून जुन्या ओव्हरड्राफ्टच्या नोंदीकडे बँका बऱ्याचदा काणाडोळा करतात. अडवतात ते बहुधा फसवणुकीची नोंद असली तर. भाच्यानं अर्ज करण्याआधी शाखेत जाऊन स्वतःहून अहवाल दाखवला आणि विचारलं, यावर हे खातं मिळेल का? अधिकारी हो म्हणाले, तेव्हाच अर्ज भरला. वीस मिनिटांत खातं उघडलं. दुसरा पगार थेट त्यात जमा झाला.

या खात्याला चेकबुक नसतं, ही त्याची एक उणीव. भाच्यानं ओक ट्री रोडजवळ खोली घेतली होती आणि घरमालकांना दर महिन्याला चेकच हवा होता. तोडगा निघाला पोस्टातून. अमेरिकन टपालखात्याची मनी ऑर्डर एका वेळी हजार डॉलरपर्यंत मिळते, भाडं ९०० होतं. सांगलीला माझे आजोबा मनी ऑर्डरची वाट बघत ओट्यावर बसायचे ते मला आठवलं. इथे ती टपालवाला घरी आणून देत नाही, खिडकीवर छापून हातात देतात आणि खालची पावती फाडून आपल्याकडे ठेवायची.

आता जुनं देणं. इथे एका गोष्टीची गल्लत फार होते. देणं आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे भरले की देणं संपतं. नोंद आपोआप पुसली जात नाही, फक्त तिची स्थिती "येणे बाकी" वरून "पूर्ण भरले" अशी व्हायला हवी. चेक्ससिस्टम्स अशी नोंद पाच वर्षं ठेवते. कायद्यानं तर अशा बहुतेक नोंदी सात वर्षांपर्यंत ठेवायला मुभा आहे. तरीही पैसे भरायचेच, कारण खातं देणारा माणूस आधी हेच बघतो की मागच्या बँकेचं बाकी आहे की भागलं.

बँकेच्या वसुली विभागाशी भाच्यानं स्वतः फोनवर बोलायचं ठरवलं, मी शेजारी बसले. आधी त्यांना विचारलं की देणं अजून तुमच्याकडेच आहे की कोणा वसुली कंपनीला विकलं? विकलं असतं तर बँकेला पैसे देऊन उपयोग नव्हता, आणि त्या कंपनीकडून देण्याचा लेखी तपशील मागण्याचा हक्क वापरावा लागला असता. देणं बँकेकडेच होतं. मग त्यानं ९४ डॉलरची फी माफ करायची विनंती केली, वडिलांचं ऑपरेशन सांगितलं, तारखा सांगितल्या. समोरच्या बाई सौम्य होत्या. म्हणाल्या, फी काढता येणार नाही, पण ९० डॉलरवर तडजोड करून टाकू. भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवून नाही म्हटलं. तडजोडीत नोंदीपुढे "तडजोडीने मिटवले" असं येतं, पूर्ण भरल्यावर "पूर्ण भरले". एक्केचाळीस डॉलर वाचवण्यासाठी तो शब्द अडीच वर्षं नावापुढे वागवायचा नाही, असं माझं मत होतं. रक्कम हजारांत असती तर मी तडजोडच करायला सांगितली असती. मात्र ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झाले तर बँक १०९९-सी हा फॉर्म पाठवते आणि माफ झालेली रक्कम टॅक्सच्या वेळी उत्पन्नात धरावी लागू शकते, एवढं ध्यानात ठेवून.

नोंदच काढून टाकाल का, हेही त्यानं विचारलं. बाईंनी स्वच्छ सांगितलं की नोंद खरी असेल तर आम्ही ती काढत नाही, स्थिती बदलून कळवतो. मला ते उत्तर कडू लागलं, पण सरळ होतं.

पैसे फोनवर खाते क्रमांक सांगून दिले नाहीत. १३० डॉलर ९७ सेंटची मनी ऑर्डर घेतली, तिच्यावर जुन्या खात्याचे शेवटचे चार आकडे लिहिले, आणि सोबत पत्र जोडून पोचपावतीच्या टपालानं पाठवली. पत्रात चारच वाक्यं होती: या खात्याची पूर्ण बाकी सोबत पाठवत आहे, मिळाल्यावर बाकी शून्य झाल्याचं आणि रक्कम पूर्ण भरल्याचं पत्र माझ्या नव्या पत्त्यावर पाठवा, चेक्ससिस्टम्सकडे स्थिती दुरुस्त करून कळवा, यापुढचा पत्रव्यवहार लेखी करा. जिमलाही त्याच दिवशी सदस्यत्व रद्द केल्याचं पत्र गेलं, पावतीसह.

नोव्हेंबरच्या शेवटी बँकेचं पत्र आलं. बाकी शून्य, पूर्ण भरले. भाच्याला वाटलं संपलं. मी म्हटलं, अजून नाही. डिसेंबरच्या मध्यात अहवाल पुन्हा मागवला, तर त्यात अजूनही "येणे बाकी". बँकेनं कळवलंच नव्हतं किंवा कळवलेलं चढलं नव्हतं.

डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत, घ्यायची वेळ आत्ता आली. आधी का नाही घेतली? कारण आधी नोंद खरी होती. इंटरनेटवर सल्ला मिळतो की सरसकट सगळ्यावर हरकत घ्या, तीस दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही तर नोंद उडते. उडतेही कधीकधी. पण बँकेनं उत्तर दिलं तर तुमचा महिना वाया जातो, आणि "हे खातं माझं नाही" असं खोटं लिहिलं असेल तर तुम्ही स्वतःलाच अडचणीत टाकता. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी ४०० डॉलर आगाऊ घेऊन नोंद पुसून देतो म्हणत होता. काम करण्याआधी असे पैसे घ्यायला १९९६ च्या क्रेडिट रिपेअर ऑर्गनायझेशन्स ॲक्टनं मनाई आहे. आणि तो जे करणार ते आपण एका टपालखर्चात करतो. भाच्याला मी ते पैसे देऊ दिले नाहीत, आणि वाचणाऱ्या कोणालाही देऊ नका असंच सांगेन.

हरकतीच्या पत्राला आम्ही बँकेच्या पत्राची प्रत, मनी ऑर्डरच्या पावतीची प्रत आणि अहवालाचं ते पान जोडलं. पानावर चुकीच्या रकान्याभोवती पेनानं गोल केला. मागणी एकच, ही स्थिती "पूर्ण भरले" करा. कायद्यानं चेक्ससिस्टम्सला साधारण ३० दिवसांत चौकशी करून निकाल लेखी कळवावा लागतो. तो तेविसाव्या दिवशी आला. दुरुस्त. सोबत सुधारलेला अहवाल. तसं झालं नसतं तर पुढची पायरी ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी घेणाऱ्या सीएफपीबीकडे तक्रार, आणि बँकेच्या नावापुढे एन. ए. असेल तर ती राष्ट्रीय बँक म्हणून अशा बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या ओसीसीकडे. ती वेळ आली नाही.

इथे एक सांगायचं राहू नये. भाच्याचं प्रकरण सुटलं कारण ते ओव्हरड्राफ्टचं होतं. "फसवणुकीचा संशय" अशी नोंद असली तर वाट फार खडतर होते, बँक ऑन खात्याचं दारसुद्धा लागू शकतं. आणि ती नोंद आपल्या विद्यार्थ्यांच्या नावावर येते ती बहुतेक वेळा एका ठरावीक सापळ्यातून. घरबसल्या कामाची ऑफर येते, पहिल्याच आठवड्यात मोठ्या रकमेचा चेक येतो, फोननं फोटो काढून तो खात्यात भरा आणि त्यातले काही पैसे झेलनं अमक्याला पाठवा असं सांगतात. चेक खोटा असतो. खात्यात पैसे दिसतात म्हणून पोरं पाठवतात, आठवड्यानं चेक परत येतो, आणि बँकेच्या लेखी खोटा चेक भरणारा तो मुलगाच असतो. कोणी "तुझं खातं दोन दिवस वापरू दे" म्हणालं तरी तेच. तुमच्या नावानं दुसऱ्याच कोणी खातं उघडलं असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह या सरकारी साइटवर रीतसर तक्रार नोंदवून, ओळखीच्या पुराव्यासह ती चेक्ससिस्टम्सला पाठवली की चार कामकाजाच्या दिवसांत ती माहिती अडवून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाच्यानं चेकबुकवालं पूर्ण खातं उघडायचं ठरवलं. त्यासाठी आम्ही मोठी बँक न निवडता एक क्रेडिट युनियन निवडली. सांगलीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्या पतसंस्थेसारखंच, खातेदार तोच सभासद आणि तोच मालक. ठेवींना अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी विमा असतो. तिथेही चेक्ससिस्टम्स बघतातच, पण समोर बसलेल्या माणसाला कागद वाचायला वेळ असतो, म्हणून आम्ही तिथे गेलो. भाच्यानं तिथल्या अधिकाऱ्यापुढे तीन कागद ठेवले: बँकेचं शून्य बाकीचं पत्र, दुरुस्त अहवाल, आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेलं बँक ऑन खात्याचं स्टेटमेंट. त्यांनी एक प्रश्न विचारला, "२०२२ मध्ये काय झालं होतं?" त्यानं सांगितलं. वडिलांचं ऑपरेशन, जिमचा हप्ता, बंद झालेला ईमेल. त्यांनी ऐकून घेतलं, सभासदत्वाचे पाच डॉलर घेतले आणि सहीसाठी कागद पुढे केला.

नोंद अजून आहे. मे २०२७ मध्ये ती पाच वर्षांची होईल आणि गळून पडेल. जूनमध्ये आम्ही अहवाल पुन्हा मागवणार आहोत, खरंच गळली का ते बघायला. तोवर बँकेचं ते पत्र आणि मनी ऑर्डरची पावती माझ्या कपाटातल्या फाइलमध्ये आहे, आणि दोन्हींची प्रत सांगलीला दाजींच्या कपाटात.